मामंजींची झोप, धाप आणि भजन

प्रश्न : माझे सासरे ६९ वर्षांचे आहेत. सोलापूरच्या साखर पेठेत त्यांनी जवळपास सारे आयुष्य यंत्रमाग चालवला. विडीचे व्यसन होते, ते आता सुटले आहे. त्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन कायम धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असून पंप आणि गोळ्या चालू आहेत. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हापासून रात्री घरी ऑक्सिजनचे यंत्रही लावतो. अडीच-तीनच्या सुमारास ते उठून बसतात, खिडकी उघडतात आणि उजाडेपर्यंत पाठ टेकत नाहीत. सकाळी डोके जड असते, दिवसभर चिडचिड करतात, नाहीतर एकदम गप्प असतात. दर एकादशीला भजनी मंडळात जात असत; 'दम पुरत नाही' म्हणून तेही सोडले. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो. 'इथे फार शांत आहे, म्हणून झोप येत नाही,' असे ते म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. मुलाने मोबाइलवर 'गाढ झोपेचे संगीत' लावून दिले, ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावले. एका ओळखीच्या गृहस्थांकडे रागचिकित्सेचा संच साडेचार हजारांना मिळतो. त्यात फुप्फुसे साफ करणारे राग आहेत, असे ते सांगतात. तो घ्यावा का? की सरळ झोपेची गोळी सुरू करावी?
— एक सून, जुळे सोलापूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो, कारण त्यांत पैसा आणि धोका दोन्ही आहेत. संच घेऊ नका, आणि झोपेची गोळी छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. संगीताचा उपयोग मात्र मामंजींना होऊ शकतो, आणि ते मुळात गाणारे असल्यामुळे इतर अनेक रुग्णांपेक्षा त्यांना तो अधिक होण्यासारखा आहे. पण त्याआधी ते रात्री अडीचला का उठतात, हे शोधले पाहिजे. ज्या जागरणाचे कारण रक्तातील वायूंमध्ये किंवा चुकीच्या वेळी घेतलेल्या गोळीमध्ये असेल, त्यावर कितीही मधुर स्वर ऐकवले तरी ते पुरे पडणार नाहीत.

तुमच्या पत्रातील 'सकाळी डोके जड असते' हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. झोपेत प्रत्येकाचाच श्वास थोडा उथळ होतो. निरोगी माणसाला त्याने फरक पडत नाही, परंतु सीओपीडीमध्ये आधीच हवा पूर्ण बाहेर पडत नसल्यामुळे रात्रभर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जाऊ शकतो, आणि सकाळचे जड डोके हे त्याचे एक लक्षण आहे. शिवाय उत्तररात्री स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढतो. त्या झोपेत मान आणि बरगड्यांचे स्नायू सैल पडतात, आणि श्वासासाठी याच स्नायूंवर विसंबून असलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन त्या वेळी उतरतो. पहाटेकडे श्वासनलिकाही दिवसापेक्षा काहीशा अधिक आकुंचित असतात. म्हणजे अडीच-तीनला उठून खिडकी उघडणे हा हट्ट नसून शरीराने दिलेली हाक असण्याची बरीच शक्यता आहे. डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि धमनीतील रक्ताची तपासणी, जिला रुग्णालयात एबीजी म्हणतात, करायची गरज आहे का ते विचारा. मामंजी मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून उठत असतील, तर तेही सांगा. काही रुग्णांत सीओपीडी आणि झोपेतील श्वासरोध हे दोन्ही विकार एकत्र असतात, त्यासाठी निद्रेची वेगळी तपासणी करतात, आणि अशा रुग्णांना नुसत्या ऑक्सिजनपेक्षा मुखवट्याने श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची गरज पडू शकते.

झोपेच्या गोळीला मी एवढा विरोध करतो तो याच कारणाने. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या श्वासाची प्रेरणा मंदावतात. ज्याचा कार्बन डायऑक्साइड आधीच वाढत असेल, त्याला अशी गोळी गाढ झोप देण्याऐवजी गुंगीत ढकलू शकते. हेच ऑक्सिजनच्या बटणालाही लागू आहे. धाप लागली की घरातले कोणीतरी काळजीपोटी यंत्राचा प्रवाह वाढवते. मामंजींसारख्या रुग्णात तसे केल्याने कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. त्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांसाठी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के हेच सर्वसाधारण लक्ष्य धरतात. ९८ आकडा दिसावा म्हणून धडपडू नका, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रवाह आपल्या मनाने बदलू नका.

आता गोळ्या. तुम्ही त्यांची नावे कळवलेली नाहीत, पण या आजारात सर्रास दिल्या जाणाऱ्या थिओफायलिन वर्गातील गोळ्या झोप उडवू शकतात, आणि दम वाढल्यावर काही दिवसांसाठी दिलेली प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्र डोळ्यांवर जाते. झोपायच्या तोंडावर वाफेतून घेतलेल्या औषधाने हात थरथरणे आणि छातीत धडधडणे हेही अनेकांना होते. यांपैकी काही गोळ्या सकाळी घेता येतील का, एवढा एक प्रश्न विचारल्याने जितक्या घरांतली झोप सुधारते, तितकी कुठल्याही संगीताने सुधारत नसेल. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. पंप घेण्याची पद्धतही एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवा. वर्षानुवर्षे पंप वापरणारे कितीतरी लोक औषध फुप्फुसात नेण्याऐवजी जिभेवर आणि टाळूवर फवारतात. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारी पोकळ नळी, लावला तर ही अडचण बरीच कमी होते.

इतके झाले की संगीताकडे येऊ, आणि तिथे सुरुवात मामंजींच्या त्या वाक्यापासूनच करावी लागेल, जे तुम्हाला पटत नाही. 'इथे फार शांत आहे' ही त्यांची तक्रार मला पूर्ण खरी वाटते. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. त्या खटखटाटात शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागते, नाहीतर खुणा कराव्या लागतात, आणि अनेक वर्षे तिथे काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहणे अवघड असते. अशा कानांची उंच स्वर ऐकण्याची शक्ती, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासची, सर्वांत आधी जाते आणि पुष्कळांना कानात सतत सूं-सूं किंवा किर्र असा आवाज येत राहतो. साखर पेठेतील घरात रात्रपाळीचे माग चालू असताना तो आवाज झाकला जात असे. जुळे सोलापुरातील निःशब्द रात्रीत तो उघडा पडला असावा. तुम्ही त्यांना सरळ विचारा, 'कानात काही वाजते का?' बहुतेक वृद्ध हे आपण होऊन सांगत नाहीत. उत्तर होकारार्थी आले तर कानांची तपासणी करून घ्या, आणि रात्री खोलीत पंख्याचा किंवा एखादा हलका, एकसुरी आवाज राहू द्या. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर तुम्हाला त्रासदायक वाटत असेल, पण मामंजींना ती सोबत वाटत असेल, तर ते यंत्र दुसऱ्या खोलीत हलवण्याची घाई करू नका.

नातवाने लावलेले संगीत त्यांनी का बंद केले, याचेही कारण बहुधा इथेच आहे. अशा ध्वनिफितींत उंच पट्टीतील बासरी, घंटानाद, पाण्याचा आणि पाखरांचा आवाज असतो. मागावर काम केलेल्या कानाला त्यातले अर्धे ऐकू येत नाही. उरलेले ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला की ते टोचते, कारण कमजोर झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम असह्य होतो. दुसरे कारण अधिक साधे आहे. ते संगीत त्यांचे नाही. माणसाचा जीव ज्या स्वरांत लहानपणापासून रमलेला असतो, त्यांनीच तो स्थिरावतो. आपल्या गावात कुणाच्या घरी तेलुगू गाणी चालतील, कुणाकडे सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने चालतील, कुणाला मराठी नाट्यपदाशिवाय झोप येणार नाही. मामंजींच्या बाबतीत ही निवड भजनाच्या परंपरेतूनच व्हायला हवी आणि ती त्यांनीच करायला हवी. नातवाला मदतीला घ्या. आजोबांसोबत बसून, त्यांनी नावे सांगायची आणि याने शोधायची, अशी यादी करू द्या. त्यात दोघांचा जो वेळ जाईल, तोही उपचारातच धरायला हरकत नाही.

इथे एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. आपल्या भजनाची लय सुरुवातीला संथ असते आणि शेवटाकडे चढत जाते. पखवाजाची गती वाढते, टाळ जोरात वाजू लागतात आणि गजराला तर माणूस बसल्या जागी डोलू लागतो. ऐकायला हे कितीही आनंदाचे असले तरी अंथरुणावर पडलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. टाळाचा धातूचा, तीक्ष्ण नाद अधू कानाला सर्वांत जास्त लागतो, हेही लक्षात ठेवा. म्हणून झोपेच्या यादीत एकट्या आवाजात, मागे फक्त तंबोरा, पेटी आणि हलका ठेका असलेले संथ अभंग घ्या. पुरुषी, खर्जाकडे झुकणारा आवाज असेल तर त्यांना तो अधिक स्पष्ट ऐकू येईल. विलंबित ख्यालाची आवड असेल तर उत्तमच. लय साधारण मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांच्या दरम्यान असावी, असा या कामातला सर्वसाधारण संकेत आहे. आजोबांच्या मनगटावरची नाडी आणि गाण्याचा ठेका शेजारी ठेवून पाहिले की नातवालाही ते समजेल.

रागचिकित्सेच्या संचाबद्दल. बागेश्री, मालकंस, दरबारी कानडा हे रात्री गायचे राग आहेत, ही आपल्या संगीताची परंपरा आहे आणि रात्रीच्या निवांतपणाशी त्यांचे नाते ज्याने ऐकले आहे त्याला सांगावे लागत नाही. पण अमुक राग फुप्फुसे साफ करतो, हा दावा वेगळा आहे आणि तो मला मान्य नाही. सीओपीडीत फुप्फुसांच्या रचनेचे जे नुकसान झालेले असते, ते औषधानेही पूर्ववत होत नाही. औषधे श्वासनलिका रुंद ठेवतात, सूज कमी करतात आणि आजार बळावण्याचे प्रसंग टाळतात. स्वराने ते साफ होईल असे सांगणारा माणूस तुमच्या काळजीवर पैसे कमावतो आहे. त्याच साडेचार हजारांतून मेमरी कार्डवर चालणारा एक छोटा स्पीकर घ्या, उरलेले पैसे लसींना ठेवा. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोकॉकलची लस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, या दोन्ही या रुग्णांना खरोखर उपयोगी पडतात.

स्पीकर म्हणतो तो मुद्दाम. ऑक्सिजनची नाकातली नळी दोन्ही कानांवरून मागे जाते आणि तिथे आधीच कातडी हुळहुळी झालेली असते. त्यावर हेडफोन चढवला की नळी दाबली जाते, कान दुखतो आणि तासाभरात माणूस दोन्ही काढून फेकतो. मोबाइलवरून थेट वाजवण्यातही अडचण आहे. शांत अभंग संपतो न संपतो तोच कर्कश जाहिरात सुरू होते, आणि मामंजी झोपेतून ताडकन उठून बसतात. म्हणून गाणी कार्डवर उतरवून घ्या, स्पीकर उशीपासून दोन हात दूर, पायांच्या बाजूला ठेवा, आवाज पलीकडच्या खोलीत शब्द कळू नयेत इतका असू द्या, आणि पाऊण तासाने तो आपोआप बंद होईल अशी सोय करा. वेळ रोज तीच ठेवा. जेवण झोपण्याच्या किमान दोन तास आधी, मग डॉक्टरांनी सांगितलेला रात्रीचा पंप, चूळ भरणे, खोकून कफ मोकळा करणे, पाठीमागे उशा लावून डोक्याची बाजू उंच करणे आणि मग संगीत, असा क्रम लागला की काही आठवड्यांनी त्या पहिल्या स्वरालाच शरीर सैल पडू लागते. दोन-तीन दिवसांत काही झाले नाही म्हणून सोडून देऊ नका.

या साऱ्याला आधार काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण साडेचार हजारांच्या दाव्यांशी तुलना करायची तर ते सांगायला हवे. निद्रानाश असलेल्या प्रौढांनी संगीत ऐकण्याबद्दलच्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०२२ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाला. त्यात १३ प्रयोगांतील १,००७ जणांची माहिती होती. दररोज साधारण २५ ते ६० मिनिटे संगीत ऐकणाऱ्यांनी आपली झोप सुधारल्याचे सांगितले, आणि त्या पुराव्याला मध्यम दर्जाचा विश्वास दिला गेला. मात्र तो आढावा खास सीओपीडीच्या रुग्णांचा नव्हता. त्यांच्यासाठी अधिक जवळचा अभ्यास न्यूयॉर्कचा आहे. लुई आर्मस्ट्राँग या ट्रम्पेटवादकाच्या नावाने चालणाऱ्या संगीत आणि वैद्यक केंद्राने ९८ रुग्णांवर केलेला तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या फुप्फुस पुनर्वसनाला, म्हणजे व्यायाम आणि श्वासाच्या प्रशिक्षणाला, ज्यांनी संगीतचिकित्सेची जोड घेतली, त्यांच्यात उदासीची लक्षणे आणि धापेचा त्रास कमी झाला आणि आजार आपल्या हातात आहे ही भावना वाढली. पण त्यात नुसते ऐकणे नव्हते. प्रशिक्षित संगीतचिकित्सक समोर बसून वाजवत होता, आणि रुग्ण स्वतः गात होते, वाद्यांत फुंकत होते.

म्हणूनच, ताई, माझा खरा आग्रह रात्रीच्या स्पीकरपेक्षा संध्याकाळच्या गाण्यासाठी आहे. धापेत नेमके काय होते ते पाहा. सीओपीडीत हवा आत घेणे जमते, ती बाहेर सोडणे जमत नाही. माणूस घाबरला की श्वास भराभर घेतो, प्रत्येक श्वासात थोडी जुनी हवा आतच अडकते, छाती फुगलेलीच राहते, नव्या श्वासाला जागा उरत नाही, आणि त्यामुळे भीती दुप्पट होते. गाणे याच्या नेमके उलट करायला लावते. झटकन श्वास घ्यायचा आणि तो ओळभर पुरवत, सावकाश, एका धारेत सोडायचा, हा गाण्याचा पहिला धडा आहे, आणि फिजिओथेरपिस्ट ओठ मिटल्यासारखे ठेवून फुंकर घालायला शिकवतात तेव्हा तेही हेच साधू पाहत असतात. ज्याने उभे आयुष्य अभंग म्हटले आहे, त्याच्या अंगात ही विद्या आहे. आजाराने ती झाकली आहे, इतकेच. अर्थात इथेही वाजवीपेक्षा जास्त आशा दाखवणे बरोबर नाही. सीओपीडीच्या रुग्णांच्या गायनाबद्दल कॉक्रेनचा २०१७ चा आढावा आहे. त्यात अवघे तीन छोटे प्रयोग आणि ११२ रुग्ण होते. गाणे सुरक्षित आहे आणि शारीरिक आरोग्याच्या गुणांकनात काही सुधारणा दिसते, एवढे त्यातून निघाले. धाप कमी होते असे सिद्ध झाले नाही. फुप्फुसांची चाचणी सुधारेल या अपेक्षेने गाऊ नये. गाताना बरे वाटते, चार माणसे भेटतात आणि दम लागला तरी घाबरायचे नाही हे अंगवळणी पडते, म्हणून गावे.

मामंजींनी मंडळ सोडले ते ओळ मध्येच तुटते, या लाजेपायी, असा माझा अंदाज आहे. ज्याचा आवाज एकेकाळी पुढे असायचा, त्याला हे फार लागते. त्यावर उपाय आहेत आणि ते मंडळातल्या लोकांना चटकन कळतील. आपल्याकडे भजन काळी चारसारख्या चढ्या पट्टीत म्हणण्याची सवय आहे. तिथे आवाज पोचवायला जो जोर लागतो, तो त्यांच्यापाशी आता नाही. घरी म्हणताना पेटीवर काळी एक किंवा त्याच्याही खाली उतरा. मंडळात त्यांनी चाल सांगण्याऐवजी टाळकऱ्यांबरोबर धृपद धरावे, दम संपला की थांबून पुढच्या आवर्तनाला पुन्हा मिसळावे. एकत्र गाण्यात कोण कुठे थांबला, हे कुणालाच कळत नाही. जमिनीवर मांडी घालून वाकून बसले की पोट दबते आणि छाती-पोटामधला श्वासाचा पडदा खाली सरकत नाही, म्हणून त्यांना पाठ टेकेल अशी खुर्ची द्या. एकदम धाप लागली की घ्यायचा पंप खिशात असू द्या. ताप किंवा वाढलेला कफ असेल त्या दिवशी गाणे नको.

देवळातील धूर हा याहून मोठा अडथळा ठरू शकतो. उदबत्ती, धूप आणि कापूर यांचा धूर या फुप्फुसांना विडीच्या धुराइतकाच परका आहे, आणि भजनाची बैठक नेमकी त्याच्या शेजारी असते. 'भजन संपल्यावर धूप लावा' असे विणेकऱ्यांना सांगायला संकोच करू नका. मंडळात आणखी दोघा-तिघांना दम लागत असेल आणि तेही मनातून हेच म्हणत असतील. घरातही ऑक्सिजनचे यंत्र चालू असताना त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती काहीही पेटते ठेवू नका. तिथे प्रश्न धापेचा नाही, आगीचा आहे. आणि जाता जाता इतर वाचकांसाठी सांगतो, हा आजार केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही. चुलीच्या धुरात वर्षे काढलेल्या बायकांनाही तो होतो आणि त्यांचा खोकला घरात कोणी मनावर घेत नाही.

घरातल्या घरात सुरुवात करायची तर संध्याकाळी, थकवा येण्यापूर्वी, दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आधी तोंड मिटून 'म'कारात गुणगुणणे, मग 'रामकृष्ण हरी' सावकाश, शब्दागणिक नव्हे तर एका श्वासात जेवढे सहज बसेल तेवढे. श्वास रोखून धरायचा नाही, शेवटची ओळ ताणून पुरवायची नाही, चक्कर आली की थांबायचे. कपालभातीसारखे जोराने श्वास फेकायचे प्रकार कुणी सुचवले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. गच्चीवर किंवा अंगणात फेऱ्या मारताना आवडीची गाणी लावली तर पाय अधिक चालतात आणि धापेकडचे लक्ष कमी होते, हाही अनेकांचा अनुभव आहे. मात्र थंडीत पहाटे आणि आपल्या उन्हाळ्यात दुपारी त्यांना बाहेर काढू नका.

आता त्यांच्या गप्प राहण्याबद्दल. सीओपीडीच्या रुग्णांत उदासी आणि चिंता फार आढळतात, आणि घरचे त्याला 'वय झाले', 'स्वभाव बदलला' म्हणून सोडून देतात. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, जेवण कमी झाले असेल, 'माझा तुम्हाला भार झाला' असे ते बोलू लागले असतील, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. भजन त्याला जोड देईल, त्याची जागा घेणार नाही. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, छातीचा आणि मनोविकारांचा असे दोन्ही विभाग आहेत. घराबाहेर पडायला ते तयार नसतील तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जगण्याला कंटाळल्याचे शब्द ऐकू आले, तर त्याच दिवशी फोन करा. हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. रात्री अडीचला मामंजी उठतात तेव्हा तुम्हीही उठत असणार, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मला दिसते आहे. त्या वेळी सोबत बसण्याची पाळी आठवड्यातून काही रात्री तुमच्या यजमानांनी घ्यावी.

अशा रात्री काय करावे, तेही लिहून ठेवतो. ते उठून बसले की 'झोपा, झोपा' म्हणू नका. खुर्चीत पुढे झुकून, हात टेबलावर किंवा उशीवर टेकवून बसू द्या, खिडकी उघडी असू द्या, ओठांतून लांब फुंकर घालायला सांगा आणि हवे तर तोच ओळखीचा संथ अभंग अगदी हळू लावा. धाप ओसरली आणि डोळे जड झाले की पुन्हा अंथरुणावर. पण ओठ किंवा नखे निळी पडली, एक वाक्यही सलग बोलता येईना, ते असंबद्ध बोलू लागले किंवा हलवून नीट जागे होईनात, तर संगीत, फुंकर सगळे बाजूला ठेवून १०८ ला फोन लावा.

डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यातच जा. जाण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकोनात तीन गोष्टी लिहीत चला : रात्री किती वाजता उठले, सकाळी डोके जड होते का, आणि दिवसा गाणे झाले का. सोबत सगळ्या औषधांची पिशवी न्या, कानात वाजते का या प्रश्नाचे उत्तर न्या, आणि प्रत्येक गोळीपुढे ती ते प्रत्यक्षात किती वाजता घेतात ते लिहा. चिठ्ठीवर गोळ्यांची नावे असतातच, त्या घेण्याची खरी वेळ मात्र घरच्यांनी सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळत नाही.